पडवीचे दोन पट्टे

चाकांच्या घरात राहणाऱ्या जोडप्यांची कामं दोन भागांत वाटलेली असतात, आतली आणि बाहेरची. निघायच्या सकाळी आतला माणूस कपाटांच्या कड्या लावतो, फ्रिजच्या दाराला खीळ घालतो, टेबलावरचं सगळं सिंकमध्ये रचतो. बाहेरचा माणूस पाण्याचा पाइप काढतो, विजेची तार गुंडाळतो, ट्रेलरचे, म्हणजे या घराचे, टेकूचे पाय वर घेतो आणि ट्रेलर पिकअपला जोडतो. एकोणीस वर्षं माझा नवरा ऑरिन बाहेरचा होता आणि मी आतली. मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची पकड गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तेव्हा आमच्या कामांची अदलाबदल झाली.

ही अदलाबदल आम्ही मोठ्या शहाणपणाने केली, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी चौतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलं आहे. मी म्हटलं, प्रत्येकाने आपल्या कामाची यादी लिहायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. ऑरिनची यादी बावीस कलमांची झाली. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर पहिलीतल्या मुलासारखं होतं, पण काम एकही सुटलं नव्हतं. निदान दोघांनाही तसं वाटलं.

आमची मुलगी कार्लीन कॅस्परला राहते. तिचं म्हणणं होतं की आता ट्रेलर विकून टाका आणि आमच्या तळघरातल्या खोलीत या. खोली चांगली आहे. खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात. आम्ही दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात जातो, तिथे आमची ट्रेलरवाली माणसं आहेत, तिथे ऑरिनला सकाळी कोट न घालता बाहेर बसता येतं. यावरून महिनाभर वाद झाला. शेवटी कार्लीन म्हणाली, "ठीक आहे. आई चालवणार असेल तर जा. पण वाटेत काही मोडलं, फाटलं, कशाला धडकलं, तर तिथून मागे फिरायचं आणि ट्रेलर विकायचा. बाबांचा शब्द मला नको. तुझा दे."

मी दिला. ऑरिन म्हणाला, "झालं. मास्तरीणबाईंनी शब्द दिला म्हणजे दगडावरची रेघ. मी दिला असता तर निदान काही वाट राहिली असती."

"म्हणूनच तुमचा मागितला नाही," कार्लीन म्हणाली.

पहिला मुक्काम ग्लेंडोच्या तळ्याकाठी झाला. दुपारनंतर जोराचा वारा सुटणार असा अंदाज होता, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारच्या आत शायेन गाठायचं ठरलं. मी यादी घेऊन ट्रेलरभोवती फिरले. प्रत्येक कलमाशी थांबून, त्या वस्तूला हात लावून, मग खूण करायची, ही माझीच पद्धत. ऑरिन आत होता. खिडकीतून तो माझ्याकडे बघतोय हे मला दिसत होतं, पण तो एक शब्द बोलला नाही. आमच्या लोकांत तो नियमच आहे. ट्रेलर जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. कितीही जुना मित्र असो, तो शेवटची कडी लावून हात पुसेपर्यंत लांब उभं राहायचं. बोलण्याच्या नादात कड्या राहतात आणि मग ट्रेलर रस्त्यात सुटतात.

बावीस खुणा झाल्या. आम्ही निघालो.

व्हीटलंड मागे पडलं तेव्हा दहा वाजले होते आणि वारा अंदाजाची वाट न बघता आला होता. या भागात तो पश्चिमेकडून येतो आणि आम्ही दक्षिणेला चाललो होतो, म्हणजे तो थेट उजव्या कुशीवर. स्टिअरिंग सतत थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. रस्त्याकडेचं पिवळं गवत जमिनीला चिकटलं होतं. टेकडीवर बर्फ अडवायची लाकडी कुंपणं ओळीने उभी होती.

"पंचेचाळीसवर आण," ऑरिन म्हणाला.

"पंचेचाळीसच आहे."

"मग चाळीसवर आण."

ऑरिनने छत्तीस वर्षं याच रस्त्यावरचा बर्फ उपसला. इथला एकेक चढ, एकेक वळण त्याला पाठ. एरवी तो वाटभर सांगत असतो की इथे अमक्या साली काय उलटलं. त्या दिवशी तो नुसता त्याच्या बाजूच्या आरशात बघत होता.

"वर्नेल," तो म्हणाला, "पडवी बघ."

ट्रेलरच्या उजव्या अंगाला एकवीस फूट लांब कापड एका रुळावर गुंडाळलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की दाराशेजारचं बटण दाबायचं, दोन दांडे भिंतीपासून बाहेर येतात, रूळ उलगडत जातो आणि खाली बसायला सावली होते. आम्ही तिला पडवी म्हणतो. मार्चपासून ऑरिनचा जवळजवळ सगळा दिवस तिच्याखालीच गेला होता.

मी उजव्या आरशात पाहिलं. रूळ भिंतीला घट्ट चिकटलेला असायला हवा होता. तो वीतभर सुटला होता आणि त्या फटीतून हिरवं कापड फुगून बाहेर आलं होतं.

"पट्टे कुठे आहेत?" ऑरिनने विचारलं.

"कसले पट्टे?"

त्याने पुन्हा आरशात पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दांड्यांना आवळायचे. दोन. काळे."

ते पट्टे मी एकोणीस वर्षं पाहिले होते. पण यादीत नव्हते. ते का नव्हते, हे त्या क्षणी, चाळीसच्या वेगाने जाताना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं आलं. ऑरिन पडवी निघायच्या सकाळी मिटतच नसे. तो ती आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी मिटायचा आणि तेव्हाच पट्टे आवळायचा. सकाळच्या कामांची यादी करताना ते त्याला आठवायचं कारणच नव्हतं. आणि काल संध्याकाळी बटण त्याने आतून दाबलं होतं, कारण आता तो आतला माणूस होता. त्याला वाटलं, बाहेर मी आहे. मला वाटलं, मिटलेली पडवी म्हणजे बांधलेली पडवी.

"तू खिडकीतून बघत होतास ना सकाळी?"

"बघत होतो. मला पुढचा दांडा दिसला. वाटलं, पट्टा दिसत नाही. विचारावं म्हटलं. पण तू जोडणी करत होतीस."

आरशातली फट आता हातभर झाली होती.

"पुढे बाहेर पडायचा रस्ता किती लांब?"

"पाच मैल. तेवढी टिकणार नाही."

"मग इथेच थांबू?"

"इथे नको. इथे उघडा माळ आहे, थांबलीस की वारा तिला धरून उलटी छतावर टाकेल. छतावरून ती रस्त्यावर जाईल." त्याने मागे पाहिलं. आमच्या मागे दोन ट्रक होते आणि त्यांच्या मागे एक छोटी निळी गाडी. "हा चढ संपला की रस्ता टेकडी कापून जातो. उजवीकडे मातीची भिंत आहे. तिथे वारा डोक्यावरून जातो. अर्धा मैल. वीसवर आण, धोक्याचे दिवे लाव."

मी दिवे लावले. वेग कमी केला. ट्रक एकेक करून भोंगा वाजवत पुढे गेले आणि प्रत्येक ट्रकबरोबर ट्रेलर डावीकडे ओढला जाऊन पुन्हा उजवीकडे झुकला. मग मागून असा आवाज झाला की जणू कुणीतरी मोठी चादर एका झटक्यात झाडली. आरशात आता रस्ता दिसत नव्हता. नुसतं हिरवं कापड दिसत होतं.

"किती आली?" मी विचारलं.

"चार फूट. बघू नकोस. समोर बघ. चालत राहा."

त्या अर्ध्या मैलाला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी मनात मोजत होते, वर्गात मुलांना रांगेत चालवताना मोजायचे तसं. त्र्याण्णवपर्यंत मोजल्याचं आठवतं. मग उजवीकडे मातीची उंच भिंत आली, गवत ताठ उभं दिसलं, आणि मी ट्रेलर रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या रेघेच्या जितका बाहेर घेता येईल तितका घेऊन थांबवला.

बाहेर पडले तेव्हा कळलं की वारा डोक्यावरून जातो हे खरं असलं तरी अधूनमधून खालीही येतो. पडवी तिरकी उघडली होती. पुढचा दांडा तीन फूट बाहेर होता, मागचा पाच, आणि तो कोपरात वाकला होता. मधलं कापड शिडासारखं तट्ट फुगलं होतं. प्रत्येक झोताला ट्रेलरची उजवी बाजू थोडी वर उचलली जात होती. चाकांमधल्या स्प्रिंगांचा आवाज येत होता.

ऑरिन पिकअपला धरून धरून मागे आला.

"शिडी काढ, बटण दाब, पुढचा दांडा आधी आत ढकल, पण मागचा सोडू नको, आणि कापडाखाली उभी राहू नको, पट्टे डाव्या कपाटात आहेत, नाही, उजव्या, आणि रूळ हाताने फिरवू नको—"

"ऑरिन."

"—हाताने फिरवलास तर मोटरचे दात तुटतील, आणि—"

"ऑरिन. एक सांग. एकच. ते झालं की दुसरं."

त्याने तोंड मिटलं. मोठा श्वास घेतला.

"पट्टे," तो म्हणाला. "उजव्या कपाटात."

मी पट्टे आणले.

"आता शिडी."

मी शिडी आणली आणि पुढच्या दांड्याशी लावली. मग तो बटण दाबायला आत निघाला. आतला माणूस बाहेर दिसत नाही आणि वाऱ्यात ऐकूही येत नाही, म्हणून मी सांगितलं, भिंतीवर दोनदा ठोकलं की दाब, एकदा ठोकलं की सोड. मी दोनदा ठोकलं. मोटर घुरघुरली, रूळ अर्धा वेढा फिरला, आणि मग नुसताच टकटक आवाज यायला लागला. वारा मोटरपेक्षा जोरात ओढत होता. मी दोन्ही हातांनी दांडा आत ढकलला. तो फूटभर आला. एक झोत आला आणि दांडा मला घेऊन परत बाहेर गेला. शिडी खालून निसटली. मी दांड्याला लोंबकळले आणि मग जमिनीवर पाय टेकले, गुडघ्यातून कळ गेली.

मी भिंतीवर एकदा ठोकलं. दोनदा नाही, एकदा. तरी ऑरिन बाहेर आला.

"मी मागचा धरतो," तो म्हणाला. "तू पुढचा आण."

"कशाने धरणार?"

"हा काय." त्याने उजवा हात मागच्या दांड्यावर टाकला आणि कोपरात अडकवला. बोटांना पकड नव्हती, म्हणून कोपराचा आकडा केला. "चल. मिटेल. एकदा मिटली की झालं. कार्लीनला कळायचं कारण नाही."

मग मोठा झोत आला. दांडा वर गेला आणि त्याच्याबरोबर ऑरिन टाचांवरून चवड्यांवर, चवड्यांवरून बोटांवर गेला. शहात्तर वर्षांचा माणूस, त्यातून एक बाजू दुबळी. दांडा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात त्याने काढला नाही. मला वाटतं, त्याला तो काढता येत नव्हता.

मी जाऊन त्याचा हात दांड्यावरून सोडवला. मग खिशातून सुरी काढली. दोर कापायला असते ती.

"नको," तो म्हणाला.

"ऑरिन, ही मिटणार नाही."

"मिटेल. वारा पडू दे."

"वारा गुरुवारशिवाय पडणार नाही. आज मंगळवार आहे."

"कापलीस तर मोडतोड झाली, वर्नेल. तुझ्याच हाताने. मग शब्द पाळावा लागेल तुला." तो ट्रेलरकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "ट्रेलर विकावा लागेल. मला त्या खोलीत बसावं लागेल. चाकं बघत."

"माहीत आहे."

"फाटली तर फाटू दे. आपण होऊन कशाला कापायची?"

"आणि तू फाटलास तर?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा धक्का आणि वाऱ्याचा झोत एकदम आले, ट्रेलर इतका कलला की त्याच्या पायऱ्या जमिनीपासून वर उचलल्या गेल्या आणि परत आपटल्या. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. ऑरिनने तो आवाज ऐकला. मागून येणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं. एका गाडीत मागच्या सीटवर मुलं होती.

"मधोमध आडवी कापू नको," तो म्हणाला.

मी थांबले.

"आडवी कापलीस तर वरचा तुकडा छतावरून उडेल आणि त्या लोकांच्या काचेवर जाईल. कापड सुटता कामा नये." त्याने टेकडीकडे हात केला. "ती कुंपणं बघ. बर्फाची."

"बघते."

"फळ्यांच्या मधे फटी आहेत. का ठेवतो आम्ही?"

"सांग."

"एकसंध भिंत केली तर वारा ती पाडतो. अर्धा वारा जाऊ द्यायचा, अर्धा अडवायचा. मग कुंपण उभं राहतं." त्याचा आवाज आता शांत होता. इतक्या वर्षांत त्याने मला काही शिकवताना असा आवाज काढल्याचं आठवत नाही. "उभे काप दे. भिंतीकडून रुळाकडे. दोन्ही टोकं तशीच ठेव, वीतभर. मधेच फट पाड. पहिली मागच्या दांड्यापाशी, तिथे ताण जास्त आहे."

"पहिली मागच्या दांड्यापाशी," मी म्हटलं.

"सुरीचं पातं तुझ्यापासून दूर. झोत येऊन गेला की लगेच, दुसरा यायच्या आत. मी सांगतो."

मी शिडी पुन्हा लावली. त्याने शिडीच्या खालच्या पायरीवर दोन्ही पाय ठेवले, आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं आणि पश्चिमेकडे तोंड केलं. मला वाटलं तो उगाच बघतोय. पण मातीच्या भिंतीच्या वरच्या काठावरचं गवत आधी झुकतं आणि झोत मग खाली येतो, हे त्याला ठाऊक होतं.

"थांब," तो म्हणाला. झोत आला, गेला. "आता."

मी सुरी टोचली आणि खाली ओढली. कापडाला तीन फुटांची फट पडली आणि तिच्यातून वारा शीळ घालत बाहेर पडला.

"उतर. शिडी चार फूट पुढे." मी उतरले, शिडी हलवली, चढले. "थांब. थांब. आता."

दुसरी. मग तिसरी. चौथ्या फटीला कापडाचं फुगलेलं पोट बसलं. पाचवीनंतर ते नुसतंच फडफडायला लागलं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. ट्रेलर स्थिर झाला.

"पुरे," ऑरिन म्हणाला. "आता मी आत जातो. दोन ठोके म्हणजे दाब."

"एक ठोका म्हणजे सोड. सोडून बाहेर यायचं असं नाही."

"बरं, बाई."

मी दोनदा ठोकलं. मोटर घुरघुरली, आणि रूळ फिरला. चिंध्या वेड्यावाकड्या गुंडाळल्या जात होत्या पण जात होत्या. पुढचा दांडा भिंतीला टेकला. एक ठोका. मी पहिला पट्टा टाकला, बकलातून ओढला, पूर्ण वजन टाकून आवळला. मागचा दांडा वाकल्यामुळे वीतभर बाहेरच राहिला. ऑरिनने बाहेर येऊन सांगितलं की त्याला आत दाबायचा प्रयत्न करायचा नाही, आहे तिथेच बांधायचा, दोन वेढे देऊन, आणि मधल्या फटीत उशी कोंबायची म्हणजे तो हलणार नाही. मी बिछान्यावरची उशी आणून कोंबली. दोन वेढे दिले. मग ऑरिनने डाव्या हाताने पट्टा धरून ओढून पाहिला. तो हलला नाही.

आम्ही पिकअपमध्ये जाऊन बसलो. मी हात पुसले. फोन वाजला. कार्लीनच्या फोनवर नकाशात आमचा ठिपका दिसतो.

"घेऊ नकोस," ऑरिन म्हणाला.

मी घेतला.

"आई, तुम्ही रस्त्यावर का थांबलाय? पस्तीस मिनिटं झाली."

"पडवी उघडली. पट्टे लावायचे राहिले. मी ती कापली आणि बांधून टाकली. आम्ही दोघं धड आहोत."

"कापली म्हणजे?"

"म्हणजे फाटली. मोडतोड झाली. आम्ही पुढच्या गावी, चगवॉटरला थांबतो. परत यायचं तर या वाऱ्यात आज येता येणार नाही."

"मी येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ऑरिनने डोकं मागे टेकलं. "खोटं तरी बोलायचंस. चाक पंक्चर झालं म्हणायचंस."

"तिसरीत मी एका मुलाला खोटं बोलल्याबद्दल आठवडाभर फळा पुसायला लावलं होतं. त्याने आता मला पाहिलं तर?"

"तो आता पन्नाशीचा असेल. त्याला काय पडलंय."

वीसच्या वेगाने आम्ही चगवॉटर गाठलं आणि धान्याच्या कोठाराच्या आडोशाला ट्रेलर लावला. आत एक काचेचं भांडं आणि दोन कप फुटले होते. ते मी गोळा केले. ऑरिनने सूप गरम केलं, डाव्या हाताने. आम्ही जेवायला बसलो. एकदा तो म्हणाला, "तळघरात उन्हाळ्यात थंडावा असतो म्हणे," आणि मी म्हटलं, "असेल." त्याने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

कार्लीन दुपारी अडीचला आली. वाऱ्यामुळे तिला गाडीचं दार दोन्ही हातांनी उघडावं लागलं. आत न येता ती आधी ट्रेलरच्या उजव्या बाजूला गेली आणि दहा मिनिटं तिथेच होती. खिडकीतून तिचं डोकं कधी दिसायचं, कधी नाही. मग ती आत आली आणि टेबलाशी बसली.

"किल्ली दे," ती म्हणाली.

मी पिकअपची किल्ली तिच्यासमोर ठेवली. ऑरिन सिंककडे तोंड करून उभा होता, धुतलेलाच वाडगा धूत होता.

"त्या फटी," कार्लीन म्हणाली. "त्या वाऱ्याने नाही फाटल्या. सरळ आहेत."

"मी पाडल्या."

"तुला कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं. तुझ्या बाबांनी सांगितलं. एकेक करून. कधी कापायचं, कधी थांबायचं."

"बाबांनी?" ती ऑरिनच्या पाठीकडे बघत म्हणाली. "एकेक करून? या माणसाने मला गाडी शिकवताना इतका आरडाओरडा केला होता की मी कोळशाच्या खाणीपाशी गाडी सोडून सहा मैल घरी चालत आले होते. बाबा, आठवतं?"

"ब्रेक आणि क्लच एकदम दाबत होतीस," ऑरिन सिंककडे बघतच म्हणाला.

"तुम्ही दोन्ही एकदम सांगत होता."

त्याने नळ बंद केला. "हो," तो म्हणाला. "सांगत होतो."

कार्लीनने किल्ली हातात घेतली, फिरवली. "रस्त्यावर लोक असे मरतात, आई. मी दवाखान्यात काम करते, मी बघते. कुणी पडवी वाचवायला जातो, कुणी छत्री. तू ती कापलीस. कापली की काय होणार ते माहीत असून कापलीस."

"तुझ्या बाबांचा हात त्या दांड्यात अडकला होता."

"तेच म्हणते मी." तिने बाहेर पाहिलं. कोठाराचा पत्रा वाऱ्याने वाजत होता. "तू खरं सांगितलं नसतंस तर आज मी हा ट्रेलर स्वतः ओढून नेला असता. तसं ठरवूनच फोन केला होता. ठिपका हलेना तेव्हापासून विचार करत होते की तू मला उत्तर काय देशील. पण मी खोदून विचारायच्या आधीच तू सगळं सांगून टाकलं होतंस."

मग तिने किल्ली टेबलावर माझ्या बाजूला सरकवली.

"गुरुवारपर्यंत मी इथेच आहे. वारा पडला की तू चालवायचं. मी मागून येईन, शायेनपर्यंत. तिथे तो दांडा काढून घ्यायचा, वाकलेला घेऊन फिरायचं नाही. आणि वारा ताशी पस्तीस मैलांच्या वर असेल त्या दिवशी चाकं हलणार नाहीत. मग तिकडे वाट बघणारी माणसं कितीही रागावू देत."

"हा नवा शब्द मागतेस का?" मी विचारलं.

"मागते. जुना सुटला. पण या वेळी दोघांचा."

ऑरिन हात पुसत वळला. "पस्तीस?" तो म्हणाला. "चाळीस कर. पस्तीसचा वारा म्हणजे इथे लोक पतंग उडवतात."

"पस्तीस, बाबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो टेबलाशी येऊन बसला आणि त्याने डावा हात पुढे केला. कार्लीनने तो धरला.

गुरुवारी सकाळी गवत स्थिर होतं. आम्ही सात वाजता निघालो. कार्लीनची गाडी आरशात अंतर राखून येत होती. शायेनला गॅरेजवाल्याने दोन्ही दांडे आणि रूळ काढून घेतले, भिंतीला भोकं राहिली ती रबराने बुजवली, आणि विचारलं की नवी पडवी बसवू का. ऑरिनने थोडा विचार केला आणि म्हणाला, आता नको, तिकडे गेल्यावर खांब रोवून ताडपत्री बांधू. कार्लीनने आम्हाला कॉफी आणून दिली, मला एक, ऑरिनला एक, आणि परत जायला वळली. वळताना तिने बोटांनी तीन आणि पाच असं दाखवलं. ऑरिनने मान हलवली आणि मी गाडी दक्षिणेच्या रस्त्याला लावली.